राणीछाप रुपया आणि तऱ्हाळ्याचा हत्ती



  

नाण्यावरचा राजाचा चेहरा हा आपला विषय. त्यावर बोलायला वऱ्हाडासारखी जागा नाही. 1853 साली निजामानं हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. 1902 मध्ये वर्षाला 25 लाखांवर कायमचा पट्टा झाला, तरी कागदोपत्री धनी निजामच. पण अमरावतीच्या कापूस बाजारात शेतकऱ्याच्या हाती पडे तो राणीछाप रुपया. निजामाच्या रुपयावर चेहराच नसे. अक्षरं असत, पुढे चारमिनार आला. इंग्रजांची राणी मात्र मुकुटासह घरोघरी पोचली. आमच्या बायांनी तिला कडी लावून गळ्यात घातलं, सराफांनी तोळ्याचं वजन म्हणून तराजूत बसवलं. राज्य कोणाचं, हे गावाला कनवटीच्या रुपयानंच कळलं.

ठसा कोरणाऱ्याचा हात चुकला की काय होतं, ते पंचम जॉर्जच्या 1911 च्या रुपयावर पाहा. राजाच्या झग्यावरल्या हत्तीची सोंड आखूड पडली आणि लोकांना तिथं डुक्कर दिसलं! नाणी मागे घ्यावी लागली, 1912 ला हत्ती नव्यानं कोरला.

त्या कारागिराला तऱ्हाळ्याचा हत्ती दाखवायला हवा होता. तऱ्हाळा मंगरूळपीर तालुक्यातलं. तेव्हा अकोला जिल्हा, आता वाशीम. तिथं 1939 मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा साठा निघाला. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि ब्राह्मीत राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. बोटाच्या पेराएवढी जागा, पण हत्ती तो हत्तीच. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ही नाणी वाचली, तेव्हा कुंभ, कर्ण, शक असे तोवर अनोळखी सातकर्णी उजेडात आले.

या नाण्यांवर राजाचा चेहरा नाही. सातवाहनांना तो कोरता येत नव्हता असं मात्र नव्हे. त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर तो आहे. दुसऱ्याचा चेहरा पुसणंही त्यांना जमे. नाशिककडच्या जोगळटेंभीला 1906 मध्ये 13 हजारांवर नाणी मिळाली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षत्रप राजा नहपानाच्या तोंडावरच आपला ठसा ठोकलेला आहे. शत्रूला पुसून टाकण्याची याहून स्वस्त रीत मला तरी ठाऊक नाही.

शेवटी वऱ्हाडकरांना एक विनंती. आजीच्या माळेतले रुपये आटवायला देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. आणि नांगराला नाण्यांचं मडकं लागलंच, तर सराफाकडे धावू नका. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.