रेखांश म्हणजे वेळेतला फरक

अक्षांश आणि रेखांश हे दोन आकडे मिळाले की पृथ्वीवरचं कुठलंही ठिकाण सापडतं, हे आपण शाळेतच घोकलेलं असतं. नकाशावर आडव्या-उभ्या रेषा सारख्याच दिसतात, म्हणून दोन्ही आकडे एकाच जातीचे वाटतात. तसे ते नाहीत. अक्षांश निसर्गानंच नेमून दिला आहे. पृथ्वीच्या आसाची दोन टोकं म्हणजे ध्रुव आणि त्यांच्या बरोबर मधोमध विषुववृत्त. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, जवळजवळ तितकाच आपला अक्षांश: मुंबईत १९, श्रीनगरला ३४. रेखांशाला आकाशात अशी स्थिर खूण नाही. नागपूरच्या माथ्यावरून सरकलेला सूर्य थोड्या वेळानं मुंबईवर येतोच. फरक असतो तो फक्त वेळेचा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे अंशाला ४ मिनिटं. रेखांश मोजणं म्हणजे हा वेळेतला फरक मोजणं, असं माझं म्हणणं आहे.

पडताळा घरच्या अंगणात घेता येतो. सपाट जमिनीवर काठी उभी रोवा. सकाळी तिच्या सावलीच्या टोकावर खूण करा आणि काठीभोवती तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ काढा. दुपारनंतर सावलीचं टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल. या दोन वेळांच्या मधला क्षण ही तुमची खरी मध्यान्ह. नागपूर आणि मुंबईत एकाच दिवशी, रेडिओच्या वेळेशी जुळवलेल्या घड्याळावर हे पाहिलं, तर सुमारे २५ मिनिटांचं अंतर पडेल, म्हणजे सव्वासहा अंश. कुणी म्हणेल, सूर्य कुठे घड्याळासारखा नेमका चालतो? बरोबर आहे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १६ मिनिटं पुढे असतो. पण त्या दिवशी दोन्ही गावांना तो तितकाच पुढे असतो, त्यामुळे वजाबाकीत ही चूक उरत नाही.

घड्याळं नव्हती तेव्हा काय, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. उज्जैनची मध्यरेषा मानणाऱ्या सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात याचं उत्तर आहे: चंद्रग्रहण. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो तो क्षण सगळीकडे एकच असतो. मध्यरेषेसाठी गणितानं काढलेल्या वेळेपेक्षा तुमच्या गावी ग्रहण उशिरा लागलं, तर गाव पूर्वेला. इथंही मोजली ती वेळच! मात्र ग्रहणाची वाट पाहत जहाज समुद्रात थांबू शकत नाही. म्हणूनच ब्रिटिश पार्लमेंटनं १७१४ मध्ये २०,००० पौंडांपर्यंतचं इनाम लावलं, आणि सुतारकीतून घड्याळाकडे वळलेल्या जॉन हॅरिसननं डुलत्या जहाजावरही वेळ राखणारं घड्याळ घडवलं. आता मोबाइल क्षणात ठिकाण दाखवतो, मग घड्याळाचा संबंध संपला का? उलट तो घट्ट झाला आहे. उपग्रहांवर अणुघड्याळं असतात आणि संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरूनच मोबाइल अंतर काढतो. त्यात सेकंदाचा दशलक्षावा भाग चुकला, तर एका उपग्रहाचं अंतर ३०० मीटरनं चुकतं. आणि या हिशेबातून अक्षांशही निघत असल्यानं आज तोसुद्धा घड्याळाच्याच हवाली आहे.