वाट चुकलेली वडीलधारी माणसे
(पालक मेळाव्यातील भाषण)



चाळीस वर्षे ज्या वाटेने आजोबा बाजारात गेले, त्याच वाटेवर एके दिवशी ते गोंधळून उभे राहतात. घरातले म्हणतात, "वय झाले." कुणी हसते, कुणी रागावते, पुष्कळजण लाजेखातर गोष्ट झाकून ठेवतात. परंतु हे स्मृतिभ्रंशाचे लक्षण असू शकते. ते झाकून ठेवण्यात वेळ जातो आणि माणूसही हरवू शकतो.

स्मृतिभ्रंशाचे सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमर. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याची माहिती प्रथम मांडली. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग जागा ध्यानात ठेवतो. उंदीर ठरावीक जागी आला की तेथील ठरावीक पेशी जागी होते, हे जॉन ओ'कीफ यांनी १९७१ साली दाखवले. शेजारच्या भागात जागेचे जणू जाळे विणणाऱ्या पेशी मोझर दांपत्याने २००५ साली शोधल्या. तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अल्झायमरचा घाला आरंभी याच भागांवर पडतो. म्हणून वाट चुकते.

जुनी वाट काही काळ टिकते, नवी मनात ठसत नाही. म्हणूनच गाव सोडून मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये आलेली दादी रात्री संडासाचे दार शोधत फिरते आणि घरातच बसून "मला घरी न्या" म्हणते. तिच्याशी वाद घालू नका. हात धरून जवळ बसा. सामानाची जागा बदलू नका, रात्री दिवा ठेवा, दारावर चित्र लावा. खिशात नाव व फोन नंबराची चिठ्ठी असू द्या. शेजारी व दुकानदार यांना सांगून ठेवा. माणूस सापडेना, तर वाट पाहत न बसता पोलिसांना कळवा.

डॉक्टरांना अवश्य दाखवा. थायरॉइडचा विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो.

विद्यार्थी मित्रांनो, रस्त्यात गोंधळलेले वृद्ध दिसले तर त्यांची चेष्टा करू नका. शांतपणे नाव विचारा, सोबत थांबा, मोठ्या माणसाला बोलवा. लहानपणी ज्यांनी बोट धरून आपल्याला शाळेची वाट दाखवली, त्यांना घरची वाट दाखवणे हे आपले कर्तव्यच आहे.