वीणा खाली टेकत नाही

मायबाप हो, खासबागेचं मैदान आपल्याला ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ साली खुलं झालं. तिथं पैलवान एकमेकांना भिडले की आपण म्हणतो, काय ताकद आहे! पण ही ताकद एकाची आहे का? नाही, महाराज. ती दिंड्यांची आहे.

कशी, ते ऐका. पाठीच्या मज्जारज्जूत चेतापेशी असतात. एकेकीपासून एक तंतू निघतो, स्नायूत जाऊन त्याला फाटे फुटतात आणि एकेक फाटा स्नायूच्या एकेका धाग्याला धरतो. एक पेशी आणि तिचे सगळे धागे, ही झाली एक दिंडी. डॉक्टर तिला मोटर युनिट म्हणतात. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका दिंडीत धागे अगदी थोडे. पोटरीत हजाराच्या वर. पेशीनं इशारा केला की तिचे सगळे धागे एकदम आवळतात. अर्धवट कुणी ओढत नाही.

मग तुळशीचं पान अलगद खुडणारा हात आणि समोरच्याला चीत करणारा हात एकच कसा? पान खुडताना लहान दिंड्या पुढं होतात. ओझं वाढलं की मोठ्या येतात, इशारेही भराभर सुटतात. लहान सहसा दमत नाहीत. मोठ्या जोरकस, पण लवकर थकतात. आणि सगळ्या एकाच क्षणी आवळत नाहीत, मागंपुढं आवळतात. सप्ताहात पहारे बदलतात, वीणा मात्र खाली टेकत नाही; तशी ओढ सलग राहते.

तालमीत नव्या पोराचा दंड पहिल्या काही आठवड्यांत फारसा फुगत नाही, तरी जोर वाढतो. का? दिंड्या कामाला लागायला शिकतात.

आता म्हातारपणाचं बघा. उतारवयात काही चेतापेशी मरतात, त्यांचे धागे पोरके होतात. तेव्हा शेजारची पेशी नवा फाटा काढून त्यांतल्या कित्येकांना पदरात घेते. सगळे वाचत नाहीत, म्हणून जोर उतरतो. पण उरलेल्यांना काम दिलं तर म्हातारपणीही जोर वाढतो.

म्हणून घरच्यांनो, आजोबांना "तुम्ही बसा" म्हणू नका. झेपेल तेवढी उठबस करू द्या. आषाढीला नंदवाळच्या वाटेवर चार पावलं चालू द्या, हाताला धरून. शरीरातला शेजारी पोरक्याला टाकत नाही. आपण माणसं, आपण टाकावं का?

रामकृष्ण हरि!