तरंगत्या घरांतील पाहुणचार

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेंत दिलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें मला व्याख्यानाचें आमंत्रण दिलें तेव्हां विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. विद्वत्तेचा विषय माझ्यापाशीं नाहीं. माझें आयुष्य व्यापारी जहाजांवर गेलें, आणि निवृत्तीनंतर माझ्या पत्नीनें व मीं दोन हिवाळे बहामा बेटांच्या आश्रयानें, एका छत्तीस फुटी शिडाच्या होडींत काढिले. त्या होडींत पाहुणे आले असतां काय घडतें, आणि हवा बिघडली म्हणजे यजमानाची काय अवस्था होते, एवढेंच मी आज सांगणार आहें. आपण वसईकर आपल्या पाहुणचाराविषयीं अभिमानानें बोलतों, व तो अभिमान अनाठायीं नाहीं. परंतु आपला पाहुणचार भक्कम भुईवर उभा असतो. घरांत पाणी सरलें तर विहीर आहे, जागा अपुरी पडली तर शेजाऱ्याची ओटी आहे. होडीवर यांतलें कांहींच नसतें.

बहामा हा सुमारें सातशें बेटांचा देश फ्लोरिडाच्या आग्नेयीस पसरलेला असून १९७३ सालीं तो ब्रिटिश सत्तेपासून स्वतंत्र झाला. १४९२ सालीं कोलंबस ज्या भूमीवर प्रथम उतरला ती याच बेटांपैकीं एक, असें सामान्यतः मानितात. या देशाच्या मध्यभागीं एक्झुमा नांवाची लहान लहान बेटांची रांग शंभराहून अधिक मैल लांब गेली आहे. रांगेच्या पश्चिमेस समुद्र इतका उथळ व निर्मळ कीं दोन पुरुष खोलीवरच्या वाळूंत पडलेला शंख होडींतून मोजून घ्यावा. पूर्वेस मात्र एक्झुमा साउंड नांवाचा अथांग भाग, ज्याचा तळ हजार मीटरांहूनहि खालीं जातो. बेटाबेटांमधील अरुंद वाटांतून भरती-ओहोटीचें पाणी नदीसारखें वाहतें. ओहोटी बाहेर पडत असतां समोरून वारा आला, तर तेथें लाटांची भिंत उभी राहते. तिला तेथील लोक 'रेज' म्हणतात. वसईच्या खाडीच्या मुखाशीं ओहोटीच्या वेळीं पश्चिमेचा वारा सुटलेला ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस अधिक सांगावयास नको.

तेथील हिवाळ्यांत नेहमींचा वारा पूर्वेचा. परंतु डिसेंबरपासून मार्चपर्यंत, कधीं आठवड्यानें तर कधीं पंधरवड्यानें, उत्तर अमेरिकेवरून थंड हवेची फळी खालीं उतरते. तिची चाल ठरलेली असते. वारा पूर्वेवरून आग्नेयीस, दक्षिणेस, नैर्ऋत्येस व मग पश्चिमेस फिरतो. पाऊस व विजा होतात. मग वायव्येवरून व उत्तरेवरून तो जोरानें वाहतो, आणि दोनचार दिवसांनीं ईशान्येकडून पुनः आपल्या मूळ जागीं येतो. या फेऱ्यांतील पश्चिमेचा टप्पा अल्पकाळाचा असला तरी तोच घातक. कारण बहुतेक नांगरवाडे पूर्वेच्या वाऱ्यापासून आडोसा देणारे असतात. पश्चिमेचा वारा आला कीं तीच आडोशाची जागा सापळा होते. पुढून लाटा येतात आणि पाठीशीं खडक असतो.

म्हणून होडीवर राहणाऱ्या लोकांत एक नियम सर्वमान्य आहे. पाहुण्यानें एक तर जागा निवडावी किंवा दिवस निवडावा. अमुक दिवशीं अमुक ठिकाणीं, असें दोन्ही मागूं नये. सुटीवर येणारा मनुष्य मात्र नेमक्या याच दोन गोष्टी घेऊन येतो. त्याची रजा मोजलेली असते, परतीचें विमान ठरलेलें असतें, आणि मनांत एखादें स्थळ वर्षभर जपलेलें असतें. यांत त्याचा दोष नाहीं. नोकरदाराचें जगणेंच तसें आहे.

हें कांहीं आजचेंच नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय आपण पुनः एकदां खलाशाच्या दृष्टीनें वाचावा. क्रीट बेटाच्या दक्षिणेस एक बंदर होतें. जहाज तेथें पोंचेपर्यंत हंगाम सरत आला होता. संत पौलानें पुढें जाण्यांत धोका असल्याचें सांगितलें. परंतु तें बंदर हिवाळा काढण्यास सोयीचें नाहीं, असें सुकाणूदाराचें व जहाजाच्या धन्याचें मत पडलें, आणि शताधिपतीनें तेंच मानिलें. तितक्यांत दक्षिणेची मंद झुळूक सुटली, आणि ती पाहून सर्वांस वाटलें कीं आपलें काम झालें. मला तो सर्व अध्याय त्या झुळुकेपाशींच अडखळतो. वादळ पाहून कोणीहि थांबतो. झुळूक सुटलेली असतां थांबणें अवघड. पुढें दोनशें शहात्तर माणसें माल्टाच्या किनाऱ्यास लागलीं, व तेथील परक्या लोकांनीं पाऊस व थंडी पाहून त्यांच्यासाठीं शेकोटी पेटविली, ही त्या कथेची दुसरी बाजू.

आतां आमच्या घराविषयीं. होडी छत्तीस फूट लांब म्हटली म्हणजे ऐकणाऱ्यास ती ऐसपैस वाटते. पण तिची मधली खोली आपल्या स्वयंपाकघराहून लहान होती, आणि तेंच आमचें दिवाणखाना, जेवणघर व पाहुण्यांचें शयनगृह. गोडें पाणी तीनशें लिटर. दोघांस तें पंधरा दिवस पुरे. पांच माणसांस पांच दिवस पुरेल याचीहि खात्री नसे. म्हणून स्नान समुद्रांत व वर एक तांब्या गोडें पाणी, असा दंडक. शौचकूप हातपंपाचा, व त्यांत आधीं खाल्लेल्या वस्तूखेरीज दुसरें कांहीं टाकूं नये, हें माझी पत्नी प्रत्येक पाहुण्यास येतांक्षणींच सांगे. संकोच करीत नसे. वीज सूर्यप्रकाशावर चालणारी. आभाळ भरून आलें कीं दिवे, पंखा, शीतकपाट या क्रमानें उलट्या बाजूनें एकेक बंद करावें लागे. टणक पेट्या ठेवावयास जागा नाहीं, तेव्हां सामान मऊ थैल्यांतून आणावें, असें आम्ही आधींच कळवीत असूं. तरीहि चाकांची एखादी मोठी पेटी यावयाचीच, आणि पाहुणे असेपर्यंत ती माझ्या अंथरुणांत माझ्या शेजारीं निजावयाची.

पहिल्या हिवाळ्यांत, फेब्रुवारीच्या अखेरीस, माझा शाळेपासूनचा मित्र, त्याची पत्नी व त्याची आई असे तिघे आठ दिवसांकरितां आले. मित्र कानडांत नोकरीस. त्याची आई सहा महिन्यांसाठीं वसईहून त्याजकडे गेलेली. तिचें वय एकाहत्तर. आम्ही तिला लहानपणापासून मावशी म्हणतों. तिनें वसईहून निघतांना सुकेळीं आणलीं होतीं, तीं कानडामार्गें आमच्यापर्यंत पोंचलीं. होडीवर टिकणारा याहून उत्तम खाऊ मीं पाहिलेला नाहीं. सुक्या बोंबलांची पुरचुंडी मात्र, दारें-खिडक्या बंद करण्याची वेळ आल्यावर, डोलकाठीला टांगावी लागली.

मावशीच्या मनांत एक स्थळ होतें. एक्झुमाच्या उत्तर-ईशान्येस कॅट आयलंड नांवाचें बेट आहे. त्यावरील कोमो टेकडी २०६ फूट उंच, म्हणजे आपल्या तुंगारापुढें कांहींच नव्हे, पण साऱ्या बहामांत तीच सर्वांत उंच. तिच्या माथ्यावर फादर जेरोम यांनीं स्वहस्तें दगडी आश्रम बांधिला व तिला आल्व्हर्निया असें नांव दिलें. यांचें मूळ नांव जॉन हॉज. जन्म १८७६ सालचा, इंग्लंडांतला. प्रथम वास्तुशिल्पी, मग अँग्लिकन धर्मगुरु, आणि १९११ सालीं कॅथलिक. पश्चिम ऑस्ट्रेलियांत त्यांनीं अनेक वर्षें सेवा केली. जेराल्डटन येथील संत फ्रान्सिस झेवियरचें कॅथेड्रल त्यांच्याच आराखड्याचें. १९४० सालीं ते कॅट आयलंडला एकांतवासासाठीं आले. १९५६ सालीं ते वारले, व त्याच टेकडीवर त्यांस मूठमाती दिली. लाँग आयलंड बेटावरील क्लॅरन्स टाउन या एकाच गांवांत एक अँग्लिकन व एक कॅथलिक अशीं दोन्ही देवळें त्यांनींच उभारिलीं, ही गोष्ट मला नेहमींच मौजेची वाटत आली आहे. टेकडीच्या चढावर त्यांनीं क्रुसाच्या वाटेचीं स्थानें दगडांत घडविलीं आहेत. त्या वाटेनें चालत वर जावें, ही मावशीची इच्छा.

आमची होडी ग्रेट एक्झुमा बेटावरील जॉर्जटाउनच्या बंदरांत होती. तेथून कॅट आयलंड सुमारें पन्नास सागरी मैल, म्हणजे आमच्या होडीची नऊदहा तासांची वाट, आणि ती सारी साउंडच्या खोल पाण्यावरून. पाहुणे शनिवारीं आले. सोमवारीं सकाळीं आग्नेयीचा सुरेख वारा होता, आकाश निळें होतें, आणि मित्र म्हणाला, "मग आज निघावयाचें ना?" मीं नाहीं म्हटलें.

त्याचें कारण त्यास पटेना, व न पटणें स्वाभाविक होतें. मंगळवारीं रात्रीं फळी येणार, असें हवामानाचें भाकीत होतें. कॅट आयलंडचा नांगरवाडा बेटाच्या पश्चिम अंगास. पश्चिमेच्या वाऱ्यांत तेथें आडोसा नाहीं. जातांना वारा अनुकूल मिळाला असता. पण रात्रीं पोंचून, बुधवारच्या पहाटे किनाऱ्याशीं झुंजावें लागलें असतें, आणि मग उत्तरेच्या वाऱ्यांत परत फिरावें तर रविवारचें विमान. मी हें सर्व नकाशावर बोट ठेवून दाखविलें. मित्र आकाशाकडे पाहत राहिला.

मंगळवारीं दुपारीं आम्ही नांगर उचलला. जॉर्जटाउनचें बंदर ग्रेट एक्झुमा व स्टॉकिंग आयलंड यांच्यामध्यें आहे. हिवाळ्यांत शेंकडों होड्या तेथें जमतात व पूर्वेच्या वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून स्टॉकिंगच्या बाजूस राहतात. फळी यावयाची झाली कीं पुष्कळ होड्या पलीकडे, मोठ्या बेटाच्या आश्रयास सरकतात. आम्हीहि सरकलों. पाण्याची खोली व नाळेची उंची मिळून चार मीटर. त्याच्या सातपट, म्हणजे अठ्ठावीस मीटर सांखळी सोडली. छोटी डिंगी वर ओढून बांधली. पत्नीनें झुलत्या शेगडीवर दोन वेळचा भात शिजवून ठेवला, कारण पुढें शेगडी पेटवितां येईल न येईल.

रात्रीं अकराच्या सुमारास दक्षिणेचा वारा एकाएकीं पडला, व तो पुनः आला तो पश्चिमेवरून, पावसासकट. जोर पस्तीस सागरी मैलांचा. झडपा बंद, आंत पांच माणसांचा श्वास, भिंतींवरून पाणी ओघळत असलेलें. वहिनींस उलट्या सुरू झाल्या. त्यांना होडीच्या मध्यावर, जेथें हालचाल कमींत कमी, तेथें निजविलें व आल्याचा तुकडा चघळावयास दिला. मावशी जपमाळ घेऊन जागी बसली होती. पहाटे दोननंतर एका शेजारच्या होडीचा नांगर सुटला व ती काळोखांत आमच्या बाजूनें घसरत आली. मित्र व मी रबरी उशा घेऊन कडेला उभे राहिलों, आणि ती चारपांच हातांवरून निघून गेली. दोन दिवस माझ्याशीं जेमतेम बोलणारा तो मनुष्य उजाडेपर्यंत माझ्याबरोबर पावसांत पहाऱ्यास बसला. बोलला मात्र नाहीं.

बुधवार, गुरुवार याच रीतीनें गेले. पाहुण्यांस कोंडून ठेवण्याची मला लाज वाटे. घरांतून बाहेर जा म्हणावें तर बाहेर नाहीं, आणि आंत रहा म्हणावें तर आंतहि धड नाहीं. आम्ही पत्ते खेळलों, सुकेळीं खाल्लीं. नसाऊहून येणारी टपालबोट वाऱ्यामुळें आली नाहीं, त्यामुळें गुरुवारीं दुकानांत भाजी नव्हती. पुरचुंडींतले बोंबील मानाचे झाले.

शुक्रवारीं आकाश लख्ख झालें. वारा ईशान्येचा, वीस सागरी मैलांहून अधिक, आणि साउंडमध्यें तीन दिवसांचा माजलेला समुद्र अजून उभा. मित्रानें पुनः विचारलें. मीं पुनः नाहीं म्हटलें. तेव्हां तो सर्वांच्या देखत म्हणाला, "तुझी होडी सुरक्षित राहील, पण आईला आणखी किती वर्षें आहेत, याचा हिशेब तूं केला आहेस का?"

त्यास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. माझी पत्नी उठून बाहेर गेली. मग मावशीच बोलली. ती मच्छीमाराच्या घरची. म्हणाली, "तुझे आजोबा एकदां लग्नघरचें बोलावणें असून तीन दिवस अर्नाळ्याला बसून राहिले. लग्न लागून गेलें. त्यांना कोणी भित्रा म्हणालें नाहीं, आणि नवरीनें चौथ्या दिवशीं त्यांना जेवूं घातलें." एवढें बोलून तिनें बोंबील निवडावयास घेतले.

रविवारीं तिघे जॉर्जटाउनच्या विमानतळावरून गेले. टेकडी पाहिल्याविना गेले.

एप्रिलमध्यें पूर्वेचा वारा स्थिरावल्यावर आम्ही दोघे कॅट आयलंडला गेलों. सकाळीं सात वाजतां टेकडीच्या पायथ्याशीं उभे राहून वसईला मावशीस फोन लाविला. तिकडे दुपारचे साडेचार झाले होते. पत्नीनें एकेका स्थानापुढें थांबून तें कसें आहे तें सांगावें, आणि मावशीनें ओटीवर बसून त्या स्थानाची प्रार्थना म्हणावी, अशा रीतीनें आम्ही वर चढलों. चौदा स्थानांस तासाच्या आसपास लागला. मधून मधून मावशी विचारी, "चढ किती आहे? गुडघे धरतात का?" पत्नीनें खरें तेंच सांगितलें कीं धरतात.

पुढील हिवाळ्यांत मित्र पुनः आला. यावेळीं पंधरा दिवसांची रजा घेऊन, आणि बदलतां येईल असें परतीचें तिकीट काढून. हवा पंधराहि दिवस निरभ्र राहिली. वादळ पाहावयास मिळालें नाहीं, अशी त्यानें निघतांना तक्रार केली.