संगणकाच्या अक्षराची निवड



माझा आजचा विषय दिसायला लहान आहे. माझा एक विद्यार्थी पायथॉन भाषेत प्रोग्रॅम लिहीत होता. तीन दिवस तो चालेना. "सर, हे आपल्या डोक्याचे काम नव्हे," म्हणून त्याने वही मिटली. मी पाहिले, तर १ या इंग्रजी अंकाच्या जागी लहान 'एल' टंकला गेला होता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत होते. दोष मुलाच्या बुद्धीचा नव्हता, अक्षराच्या वळणाचा होता.

म्हणून प्रोग्रॅमसाठी टाइपरायटरप्रमाणे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देणारा फॉन्ट घ्यावा. ओळी एकाखाली एक नीट बसतात. निवडण्यापूर्वी शून्य आणि 'ओ', एक, लहान 'एल' आणि मोठा 'आय' शेजारी टंकून पाहा. क्षणात फरक कळला तरच तो फॉन्ट कामाचा. २०२० साली आलेला जेटब्रेन्स मोनो किंवा हॅक या कसोटीला उतरतात. दोन्ही विनामूल्य आहेत.

आता दुसरी अडचण. टर्मिनलच्या नव्या सजावटीत बाण, फोल्डर, फांदी अशी चिन्हे असतात. साध्या फॉन्टमध्ये ती नसतात, त्यांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. मुलाला वाटते, संगणक बिघडला! युनिकोडने खासगी वापरासाठी ६,४०० जागांचा एक पट्टा मोकळा ठेवला आहे. नर्ड फॉन्ट्स या प्रकल्पाने प्रामुख्याने अशा खासगी जागांत चिन्हे भरून जुन्याच फॉन्टना जणू ठिगळ लावले आहे. मूळ अक्षरांचे वळण तेच राहते. परवान्याच्या अटीमुळे काहींचे नाव मात्र बदलते. सोर्स कोड प्रो तेथे सॉसकोडप्रो होतो.

नावापुढे 'मोनो' असेल तर चिन्हेही एकाच घरात बसतात, पण बारीक दिसतात. 'मोनो' नसेल तर ती मोठी दिसतात. मात्र काही टर्मिनलांत कडेला कापली जातात. 'प्रोपो' टर्मिनलसाठी घेऊ नये. फॉन्ट बसवल्यावर टर्मिनलच्या सेटिंगमध्ये तो निवडावा लागतो, हे विसरू नका. दूरच्या संगणकावर काम करीत असलात, तरी फॉन्ट आपल्यासमोरच्या यंत्रावरच हवा.

एक इशारा. ही चिन्हे अर्जात किंवा पत्रात घालू नका. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही, त्याला चौकोनच दिसतील. आणि आपल्या मराठीची जोडाक्षरे या समान घरांत नीट मावत नाहीत. मराठी लेखनासाठी वेगळा फॉन्ट ठेवावा.

पालकहो, यासाठी नवे यंत्र नको, पैसाही नको. जुन्या संगणकावरही हे होते. मुलगा किंवा मुलगी "मला जमत नाही" म्हणाली, तर रागावण्यापूर्वी एकदा तिच्या शेजारी बसून पडदा पाहा. कदाचित तिला नीट दिसतच नसेल.