पाय चालते ठेवा



बहादरपूर आणि बुऱ्हाणपुरातल्या आजी-आजोबांसाठी आज एकच गोष्ट सांगते.
पाय चालते ठेवा.

वय वाढतं, तसे स्नायू झिजतात.
मांड्यांतली ताकद कमी होते.
खाटेवरून उठताना हाताचा आधार लागतो.
मग कधीतरी तोल जातो.
या वयात खुब्याचं हाड मोडलं, तर पुन्हा उभं राहणं फार कठीण जातं.

म्हणून रोज एवढं करा.

भिंतीला टेकवलेल्या, भक्कम खुर्चीवर बसा.
हळू उठा.
तितक्याच हळू बसा.
जमेल तितक्या वेळा करा.
हात टेकावा लागला, तर टेका, पण उठा.
छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

पाय चालते ठेवा, पण ऊन चढायच्या आत.
तापीकाठचा उन्हाळा कडक असतो.
आणि उतारवयात तहान कमी लागते.
शरीराला पाणी हवं असतं, पण ते जाणवत नाही.
तहानेची वाट न पाहता घोटघोट पाणी प्या.

भाकरीसोबत घट्ट वरण आणि दही घ्या.
स्नायूंना ते लागतं.
आपल्याकडची केळीही खा.
मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र पाणी आणि केळी किती, हे डॉक्टरांना विचारा.

आता घरातल्या मुला-सुनांना एक विनंती.
आजोबांना प्रत्येक गोष्ट हातात देऊ नका.
पाण्याचा तांब्या त्यांना स्वतः भरून घेऊ द्या.
मोरीतली ओल मात्र लगेच पुसा.
आणि रात्री तिथला दिवा चालू ठेवा.