बेटावरचा पोपट आणि आमचा पिंजरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आज बोलायला उभी राहिले ती चिटणीसबाईंच्या आग्रहाखातर.

गेल्या श्रावणात मॉरिशसचे एक मराठी कुटुंब पूजेसाठी आमच्याकडे उतरले होते. त्यांचे पूर्वज कोकणातून तिकडच्या उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले. बाई मराठी बोलत, पण शब्द आठवून आठवून. ओटीवर टांगलेला रिकामा पिंजरा पाहून त्यांनी विचारले, "ह्यातला पक्षी?" मी म्हटले, "गेला." तेव्हा त्यांनी आपल्या बेटावरच्या एका पोपटाची हकीकत सांगितली. पुढची माहिती मुलीने पुस्तकांतून वाचून दाखवली.

तो पोपट आज जगात कोठेही नाही. डोके मोठे, चोच भली रुंद, कपाळावर तुरा. १६०१ साली 'गेल्डरलंड' ह्या डच जहाजाच्या रोजनिशीत त्याचे चित्र काढले गेले. डच लोक त्याला हिंदी कावळा म्हणत. पोपटाला कावळा म्हणणाऱ्यांना काय म्हणावे! त्याच शतकात तो नाहीसा झाला. जहाजांतून उंदीर उतरले, माकडे, डुकरे आली, रान तुटले. माणसांनी मारले ते वेगळेच. पुढे १८६५ साली एका शाळामास्तराने तिथल्या दलदलीतून डोडो पक्ष्याची हाडे काढली. तिथेच ह्या पोपटाचा जबडा मिळाला, आणि १८६६ साली रिचर्ड ओवेन ह्या इंग्रज पंडितांनी त्याचे वर्णन छापले. हाडे, थोडी रेखाटने आणि प्रवाशांची टिपणे, एवढेच आता त्याचे उरले आहे.

त्यांतले एक टिपण प्रिटोरियस नावाच्या डच गृहस्थाचे, १६६० नंतरचे. तो सांगतो, हा पक्षी मोठा रागीट. पकडला तर अन्नाला शिवत नाही, कैदेपेक्षा मरण पत्करतो. मुलीने हे वाचले आणि मी तिला म्हटले, "पुरे, मिट ते पुस्तक."

आमचा पोपट मीच निवृत्तिनाथांच्या यात्रेत हट्टाने घेतला होता. गळ्याला कंठ फुटलेला, म्हणजे रानात वाढलेला. पेरू दिला, मिरची दिली, भिजवलेली डाळ दिली. तो कोपऱ्यात पाठ करून बसे. सासूबाई म्हणाल्या, "सोड ग त्याला, ब्रह्मगिरीकडे जाईल." मी म्हटले, "दोन दिवसांत रुळेल." पाचव्या दिवशी सकाळी पाहिले तो खाली पडलेला, वाटीतली डाळ तशीच. पोपट पाळायला १९७२ च्या कायद्याने मनाई आहे, हेही मला नंतर कळले.

मॉरिशसचा दुसरा एक हिरवा पोपट मात्र वाचला. १९८० च्या सुमारास मोजके दहाबारा उरले होते. घरटी राखून, पिल्ले वाढवून रानात सोडली, तेव्हा आज ते शेकड्यांनी आहेत. दिसायला थेट आपल्यासारखाच. आणि आपला पोपटही माणसांबरोबर तिकडे पोचला, मोकळा सुटून वाढला, आणि आता झाडांच्या ढोलींसाठी त्या बिचाऱ्याशी भांडतो!

पिंजरा मी ओटीवरून काढून माळ्यावर टाकला आहे. परवा जाऊबाईंनी तो मागितला. त्यांच्या धाकट्याला पोपट हवा आहे. मी हो-नाही काहीच बोलले नाही. त्या समोरच बसल्या आहेत, तर इथेच सांगते, जाऊबाई, राग मानू नका, पिंजरा मी देणार नाही.